‘सांभाळून घ्या’चं इंग्रजी

“सर, मला इंग्रजी शिकायचं न्हाई. एक वाक्य पाहिजे,” मालनबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मागोमाग जिन्यातून मिरचीचा वास वर आला. पहिल्या बाकावरची दोन मुलं शिंकली. मग मी शिंकलो.

मालन जगदाळे यांना कऱ्हाडात आमच्या पेठेत ओळखत नाही असा माणूस नव्हता. गल्लीच्या टोकाला त्यांचं मसाला कांडपाचं मशीन होतं. त्या धडधडीत दिवसभर बोलून त्यांचा आवाज कायमचा चढा झाला होता. मिरचीचा मोसम असो वा नसो, लुगड्याला तो वास असायचाच. माझा क्लास औषधाच्या दुकानावर, एका खोलीत. मी तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो. बँकेच्या परीक्षेला बसणारी आणि नर्सिंगला जाणारी मुलं माझ्याकडे इंग्रजी शिकायची. मी स्वतः जन्मात एकाही इंग्रज माणसाशी बोललो नव्हतो, पण शिकवताना असा काही आव आणायचो, की माझं आजोळ लंडनमध्येच आहे.

“कुठलं वाक्य?” मी विचारलं.

“माझ्या मुलीला सांभाळून घ्या.”

त्यांची मुलगी तृप्ती विलायतेत, कार्डिफला इंजिनीअर होती. तिथल्याच गॅरेथ नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं आणि ते कऱ्हाडात व्हायचं होतं. मुलाला वडील नव्हते. आई, ब्रेंडा, एकटी येणार होती. पाठवणीच्या वेळी मुलीचा हात सासूच्या हातात देऊन आई जे म्हणते, ते मालनबाईंना स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं. मध्ये दुभाषा नको, जावई नको, मुलगी तर नकोच नको.

“तृप्तीनं सांगून ठेवलंय, असलं काही बोलायचं न्हाई म्हणून. पण आईनं बोलायचं असतंय. गप कशी उभी राहू मी?”

मला वाटलं, एका मिनिटाचं काम आहे. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वाचून दाखवलं, “प्लीज लुक आफ्टर माय डॉटर.”

मालनबाईंनी दोनदा म्हणून पाहिलं. मग बोट फळ्याकडे केलं. “लुक म्हंजे बघणं. आन् आफ्टर?”

“नंतर. किंवा मागून.”

“मागनं बघणं म्हंजे सांभाळणं? मागनं तर गल्लीतली सगळीच बघत्यात तिच्याकडं.”

वर्ग खो खो हसला. मी हातातला खडू ठेवला आणि माझं आवडतं भाषण सुरू केलं. इंग्रजीत क्रियापदाला एक बारकं शेपूट लागतं आणि क्रियापदाचं घराणंच बदलतं. लुक म्हणजे बघणं, पण लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक डाउन ऑन म्हणजे कमी लेखणं. शब्दाशब्दाचा अर्थ लावायला गेलात की फसलात. आणि आपलं मराठी तरी कुठे साधं आहे? ‘खाऊन टाकलं’ म्हणतो तेव्हा आपण काही टाकतो का?

“न्हाई. उलट पोटात जातं,” मालनबाई म्हणाल्या. त्यांना ते फार आवडलं. जरा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, “मग सांभाळून घ्यातलं ‘घ्या’ कुठं हाय ह्यात?”

“म्हणजे?”

“सांभाळा न्हाई वो सर. सांभाळून घ्या. सांभाळा म्हणत्यात बॅगेला. एष्टीत शेजारच्याला सांगतो न्हाई का, जरा बॅग सांभाळा म्हणून. सांभाळून घ्या म्हंजे, ती चुकंल, तुमच्यातलं तिला समजायचं न्हाई, एखादा शब्द वर-खाली बोलंल, तर तुम्ही ते मनाला लावून घिऊ नका. पोटात घाला. ते कुठाय तुमच्या लुक आफ्टरमदी?”

ते नव्हतंच. मी फळा पुसला आणि उद्या या म्हणालो.

त्या उद्या आल्या, परवा आल्या आणि मग येतच राहिल्या. दुपारी मशीन बंद असायचं तेवढा वेळ. वर्गातली मुलं आधी नाकाला रुमाल लावून बसायची, नंतर त्यांच्या येण्याची वाट बघायला लागली. मी शब्दकोश उपसून दररोज नवं क्रियापद काढायचो आणि मालनबाई ते नाकारायच्या. ‘टेक इन’ त्यांना पटत आलं होतं. आत घेणं, घरात घेणं. पण त्याचा दुसरा अर्थ फसवणं असा आहे, हे सांगायची मला दुर्बुद्धी झाली. तो शब्द गेला. ‘गेट अलाँग’ म्हणजे जुळवून घेणं, पण ते दोघींनी करायचं, एकीला सांगायचं नाही. तोही गेला. ‘ब्रिंग अप’ मात्र त्यांनी वाक्यासाठी नाही तर नुसताच ठेवून घेतला.

“आय ब्रॉट हर अप,” त्या घोकायच्या. “मी तिला वाढवलं. वर आणलं. बरोबर हाय.”

मागच्या बाकावरच्या एका नर्सिंगच्या मुलीला राहवलं नाही. “काकू, ब्रिंग अप म्हणजे उलटी करणं पण होतं.”

मी तिच्याकडे डोळे वटारले. मालनबाईंनी मात्र शांतपणे मान डोलावली. “तेबी बरोबर हाय. पोटातलंच असतंय.”

‘लुक डाउन ऑन’ त्यांनी आपणहून पाठ केला. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “तिच्याकडं कुणी तसं बघाय लागलं तर मला समजाय नको?” तेव्हा मला त्या अभ्यासू विद्यार्थिनीसारख्या वाटल्या, आणि गमतीदारही. मुलीची काळजी सगळ्याच आयांना असते, यांना जरा जास्त आहे, इतकंच माझ्या डोक्यात आलं.

लग्न आठवड्यावर आलं होतं तेव्हा मी वर्गाला ‘पुट’चं कुटुंब शिकवत होतो. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट आउट म्हणजे विझवणं. मालनबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हणालो, “आता गंमत बघा. पुट हर अप म्हणजे तिला आपल्या घरी मुक्कामाला ठेवून घेणं. त्यालाच विथ जोडा. पुट अप विथ हर. आता अर्थ काय? तिचं जे काही असेल ते चालवून घेणं. सोसणं.”

“परत म्हणा,” खिडकीतून आवाज आला.

मी परत म्हणालो.

“चालवून घेणं,” मालनबाई म्हणाल्या. “म्हंजे सांभाळून घेणंच की.”

“जवळजवळ.”

“ह्यात ‘घेणं’ हाय.”

“आहे. पण हे वाक्य तुम्हाला नाही चालायचं. यात समोरचा त्रासदायक आहे असं धरलेलंच असतं. दारुडा नवरा, गळकं छप्पर, शेजारचा लाउडस्पीकर, या गोष्टींना लोक पुट अप विथ करतात. तुम्ही ब्रेंडाबाईंना ‘प्लीज पुट अप विथ माय डॉटर’ म्हणालात, तर त्यांना वाटेल ही आईच सांगतेय, माझी मुलगी म्हणजे एक ताप आहे, काढा कसेतरी दिवस.”

मालनबाईंनी ओठांतल्या ओठांत ते एकदा म्हणून पाहिलं.  मग त्यांनी विचारलं, “जो सोसतो त्याला म्हणायचं, का जो तरास देतो त्याला?”

“जो सोसतो तो पुट अप करतो.”

“सोसणाऱ्याला.” त्या उठल्या आणि पदर सावरला. “सापडलं सर वाक्य. मला तेवढं तोंडात बसवून द्या.”

“अहो, मी आत्ता काय सांगितलं?”

“समजलं मला तुम्ही काय सांगितलं ते. तुम्ही उच्चार बघा.”

मी परोपरीनं समजावलं. ‘बेअर विथ हर’ म्हणा, त्यात अपमान नाही. निदान ‘लुक आफ्टर’ तरी म्हणा. पण मालनबाईंनी ते ‘पुट अप विथ’ असं काही धरून ठेवलं, की सोडायलाच तयार होईनात. ‘पुट’मधला टकार त्यांच्या जिभेवर कुऱ्हाडीसारखा पडायचा. दोन दिवसांत त्यांचा उच्चार माझ्यापेक्षा बरा झाला. मग चटणीची एक बरणी माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “आता लगीनघाई हाय. येत न्हाई. पण लग्नाला या. पाठवणीला हजर राहा. चुकले तर सांगायला माणूस पाहिजे.”

त्यानंतर मला झोप लागेना असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. पण फळ्यावर ‘पुट’ लिहायचं मी टाळू लागलो एवढं खरं. उद्या त्या इंग्रज बाईचं तोंड उतरणार, मुलीचं लग्न पहिल्याच दिवशी नासणार आणि सगळं कऱ्हाड म्हणणार, किणीकर मास्तरनं शिकवलं. काळजी मालनबाईंच्या मुलीची किती आणि माझ्या क्लासच्या पाटीची किती, याचा मी तेव्हा हिशेब केला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी क्लासमध्ये एक मुलगी आली. तिशी ओलांडलेली, हातभर मेंदी, अंगात जीन्स. दारातूनच म्हणाली, “किणीकर सर तुम्हीच ना? मी तृप्ती जगदाळे. आईला तुम्ही एक वाक्य शिकवताय.”

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

“ते वाक्य आईनं म्हणायचं नाही. मी तिला सांगितलं, ती ऐकत नाही. तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल.”

“माझं ऐकत असत्या तर बरंच होतं,” मी म्हणालो. “पण तुमचा एवढा विरोध का? सगळ्याच आया म्हणतात. रीत आहे.”

“हो. मागच्या वेळीही म्हणाली होती.”

मला कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की मला काहीच माहीत नाही. मी कऱ्हाडात नवा होतो. पेठेनं हे माझ्या कानावर घातलं नव्हतं, किंवा मालनबाईंच्या धाकानं घातलं नसेल.

“माझं हे दुसरं लग्न आहे,” ती म्हणाली. “पहिलं बाविसाव्या वर्षी झालं. आईनं माझा हात सासूच्या हातात दिला आणि म्हणाली, लेकरू आहे, सांभाळून घ्या. त्या हो म्हणाल्या. रडल्यासुद्धा.” मग ती बसली. “त्यांनी काय केलं ते जाऊ दे. मी शेजारच्या घरातून आईला फोन करायचे. तेव्हा बाबा नुकतेच गेले होते, आई एकटी मशीन चालवत होती. मागे धडधड ऐकू यायची. मी सांगायचे, असं झालं, तसं झालं. आई म्हणायची, तृप्ते, तू जरा सांभाळून घे. दर वेळी तेच. त्यांनी घ्यायचं होतं ना सांभाळून? मग मीच घेत राहिले. दोन वर्षं घेतलं. नंतर हे मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यातून थेट घरी आले. तेव्हा फोन नाही केला.”

तिनं मनगट दाखवलं नाही, पण माझी नजर तिकडे गेलीच. मेंदीखाली काही दिसत नव्हतं.

“आईवर राग नाही माझा,” ती म्हणाली. “तिला दुसरं काय सुचणार होतं? तिच्या आईनंही तिला तेच सांगितलं असणार. पण तो शब्द मला कानावर नको आहे सर. कुठल्याच भाषेत नको. उद्या गॅरेथच्या आईसमोर ती हात जोडून तेच म्हणाली, तर मी तिथेच काहीतरी बोलेन, आणि मग आमचं दोघींचं कायमचं तुटेल. मला ते तोडायचं नाहीये.”

मी तिला म्हणालो, प्रयत्न करतो. त्या दिवशी तीन वेळा मालनबाईंच्या घरी गेलो. मांडव, पाहुणे, हळद. त्या मला बघून लांबूनच हात करायच्या, “जेवून जावा सर!” आणि गर्दीत नाहीशा व्हायच्या. त्या मला टाळत होत्या की खरंच घाईत होत्या, हे अजूनही मला ठरवता आलेलं नाही.

लग्न झालं. ब्रेंडाबाई उंच, लालबुंद, हिरव्या साडीत घामाघूम झालेल्या आणि तरी प्रत्येक पदार्थाला हात लावून बघणाऱ्या. मला त्या आवडल्या, त्यामुळे त्यांचं तोंड उतरलेलं बघणं मला आणखीच नको झालं. माझ्याशी त्या बोलल्या तेव्हा त्यांचं निम्मं इंग्रजी मला समजलं नाही. माझा लंडनच्या आजोळाचा सगळा आव तिथल्या तिथे उतरला.

संध्याकाळी पाठवणी. हॉलच्या दारात गाडी फुलं लावून उभी. आत्या-माम्या रुमाल काढून तयारच होत्या. तृप्तीची ओटी भरली. मालनबाईंनी तिचा हात धरला आणि ब्रेंडाबाईंच्या हातात दिला. तृप्तीचा जबडा घट्ट झालेला मला इतक्या लांबूनही दिसला. मी गर्दीतून पुढे घुसलो. काय करणार होतो कुणास ठाऊक. खोकणार होतो बहुतेक.

मालनबाईंनी ब्रेंडाबाईंकडे पाहिलं. मान तुकवली, पण काही बोलल्या नाहीत. मग त्या मुलीकडे वळल्या, आणि मशीनवर बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, “तृप्ती, डोन्ट पुट अप विथ.”

माम्यांनी आपापल्या वेळेवर डोळे पुसले. इंग्रजीतून रीतीचंच काहीतरी झालं, असं त्यांनी धरून चाललं. ज्यांना कळलं ते आम्ही चौघं-पाचजण. गॅरेथनं एकदम आपल्या आईकडे पाहिलं. ब्रेंडाबाई हलल्या नाहीत, त्यांनी फक्त तृप्तीच्या हातावरची पकड सैल केली, हात नुसता तळव्यावर राहू दिला.

तृप्ती आईकडे बघत होती.  मग तिनं विचारलं, “विथ काय, आई? विथच्या पुढे काहीतरी लागतं.”

“सर म्हणाले हुते लागतं म्हणून. मी न्हाई घातलं.” मालनबाईंचा आवाज आता खाली आला होता. तो तसा खाली येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. “तिकडं काय काय असतंय मला काय ठावं? जे आसंल ते तू घाल. काहीबी घाल. आन् उठून ये.” त्यांनी मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “ह्या खेपेला मला फोन करून विचारायचं न्हाई. मी कायबी म्हणंन. माझं ऐकायचं न्हाई. नुसतं यायचं.”

“आई, हे मराठीत सांगायचं होतंस,” तृप्ती म्हणाली. ती रडत होती, पण हसतही होती.

“मराठीत माझ्या तोंडाला सवय न्हाई गं. मराठीत म्हणाय लागले आसते तर दुसरंच आलं आसतं.”

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ब्रेंडाबाईंनी माझा दंड धरून विचारलं, काय म्हणाल्या त्या? पुढचं, मराठीतलं? माझ्या डोक्यात त्या क्षणी एकही क्रियापद नव्हतं, ना शेपटाचं ना बिनशेपटाचं. तेवढ्यात तृप्ती वाकली, आईच्या पाया पडली, उठली आणि म्हणाली, “येते, आई.”

निघताना आपल्यात सगळेच तसं म्हणतात. जाते म्हणत नाहीत.

“आणि हे? हे काय म्हणाली?” ब्रेंडाबाईंनी विचारलं.

“आय’ल कम बॅक,” मी सांगितलं.

“गुड,” ब्रेंडाबाई म्हणाल्या, आणि मालनबाईंचा हात हातात घेऊन तो बराच वेळ सोडला नाही.